‘टेस्ट करणं अशक्य’ म्हणजे नेमकं काय?

एजंट-सिस्टिमच्या ऑटोमेटेड टेस्टिंगवर काम करायचा विचार असेल, तर दोन पेपर जोडीनेच वाचा. पहिला मायकेल विनिकॉफ आणि स्टीफन क्रेनफिल्ड यांचा, २०१४ चा. दुसरा एकट्या विनिकॉफ यांचा, २०१७ चा. दोन्हींचा प्रश्न एकच: बीडीआय एजंट, म्हणजे धारणा, इच्छा आणि निर्धार यांवर चालणारा प्रोग्राम, तपासायला किती टेस्ट लागतील?

छोटं उदाहरण घेऊ. एका ध्येयासाठी तीन योजना आहेत. प्रत्येकीत एकच कृती, ती जमेल किंवा फसेल. फसली तर एजंट उरलेल्यांपैकी कुठलीही योजना उचलतो. सगळे मार्ग मोजले तर २१ भरतात. योजना पाच केल्या की थेट ४४५! पहिल्या पेपरचा गाभा हाच आहे. फसल्यावर दुसरी वाट शोधणं हा एजंटचा गुण, आणि त्यामुळेच मार्ग हाताबाहेर वाढतात.

दुसऱ्या पेपरने निकष बदलला: सगळे मार्ग नकोत, प्रत्येक शाखा एकदा चालली की पुरे. आपल्या उदाहरणात मग ४ टेस्ट भागतात. प्रत्येक योजना जमल्याची एकेक आणि तिन्ही फसल्याची एक. निष्कर्षही सौम्य झाला: टेस्ट खूप कमी लागतात, तरी तेवढ्याच आकाराच्या साध्या प्रोग्रामपेक्षा जास्तच.

स्वतःच्याच निष्कर्षाला दुसऱ्या निकषावर घासून पाहणं मला फार मोलाचं वाटतं. पण माझी हरकत इथेच आहे. त्या ४ टेस्टमध्ये ‘पहिली योजना अर्धवट फसली, तिचा पसारा तसाच राहिला आणि त्यावर दुसरी चालली’ हा प्रसंग येईलच असं नाही. एजंटमधल्या चुका तर अशाच सांध्यांवर लपतात. म्हणजे आकडा आवाक्यात आला, खात्री नाही.

शिवाय हा हिशोब एकाच एजंटचा. असे दोन ठेवले की २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ जोड्या. निरोप आधी कोणाचा पोचला हा गोंधळ वेगळाच. आणि सगळे मार्ग चालवले तरी आलेलं उत्तर बरोबर की चूक, हे ठरवणारं कोणीतरी लागतंच. मार्ग मोजून तो प्रश्न सुटत नाही.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये ‘आमची पद्धत पूर्ण टेस्टिंग करते’ असं लिहिण्याआधी थांबा. कुठल्या निकषाने पूर्ण, आणि त्या निकषातून काय निसटतं, ही दोन वाक्यं आधी लिहा. व्हायवात पहिला प्रश्न बहुधा त्यावरच येईल.