काय शिकावे, हा प्रश्न आपल्या साहित्यात कुठे आहे?

दलित आत्मकथनांनी मराठी वाङ्मयाला शिक्षणाची एक संपूर्ण नवी कथा दिली. वर्गाबाहेर बसविलेला मुलगा, पाण्याच्या माठापासून दूर ठेवलेला हात, बोर्डिंगातली अर्धी भाकरी, वसतिगृह, पदवी आणि शेवटी कचेरीतली खुर्ची असा या कथेचा प्रवास आहे. तिचा मध्यवर्ती प्रश्न एकच होता: शिकायला मिळेल की नाही? हजारो वर्षे ज्यांना अक्षर नाकारले गेले त्यांनी हा प्रश्न आधी विचारावा यात नवल नाही. परंतु त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे, आणि आपल्या समीक्षेने त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही. शिकायचे काय, आणि ते ठरवायचे कोणी? जो मधेच शाळा सोडून पोटामागे लागला आणि तिशी-पस्तिशीत पुन्हा पुस्तक हाती घेऊ पाहतो, त्याच्यापुढे तर हा प्रश्न धारदार होऊन उभा राहतो.

हा माणूस पाहावयाचा असेल तर पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात यावे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहू लागला. त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरला जवळच देहूरोड येथे बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. पुढे टेल्को आणि बजाज आले, आणि १९८२ साली येथे महानगरपालिका झाली. गेल्या पंचवीस वर्षांत उद्योगांचा ओघ चाकणकडे वळला. आज महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी येथल्या भाड्याच्या खोल्यांत मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेले तरुण दाटीवाटीने राहतात. त्यांत दहावी नापास आहेत, तसेच बी.ए. होऊन कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लागलेलेही आहेत. त्यांच्यापैकी एखादा ठरवतो की आता पुन्हा शिकायचे. दिवसाची पाळी संपल्यावर त्याच्या हाती दोन तास उरतात. घरी बायको-मुले आहेत, गावी आईबाप आहेत. त्याला एकदाच निवडता येणार आहे. निवड चुकली तर दोन वर्षे, फी आणि उमेद तिन्ही गेली.

त्याला सल्ला देणारे दोन प्रकारचे असतात. एक सांगतो, लवकर नोकरी लागेल ते शीक. दुसरा सांगतो, आवडेल ते शीक. पहिला सल्ला वरवर व्यवहारी आहे. पण नोकरी कोणती, किती दिवसांची, कोणाच्या मर्जीवरची, हे तो सांगत नाही. दुसरा सल्ला उदार वाटतो. पण आवड ही रिकाम्या जागेत उगवत नाही. ज्याने टूलरूम आतून पाहिलेली नाही त्याला टूल अँड डाय मेकर व्हावेसे कसे वाटेल? ज्याच्या वस्तीत शिकलेला माणूस म्हणजे मास्तर नाहीतर कारकून, त्याची आवड तेवढ्यातच फिरणार. दोन्ही सल्ले जातीचा विचार गाळून दिलेले आहेत, म्हणूनच ते अपुरे आहेत.

आपल्या साहित्यात या प्रश्नाची साक्ष नाही असे नाही. ती विखुरलेली आहे. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट' (१९८१) पाहा. त्यांनी संस्कृत हा विषय निवडला. ज्या भाषेचे श्रवणही निषिद्ध मानले गेले तीच त्यांनी अभ्यासाला घेतली, एम.ए. झाल्या. पण पदवी घेऊनही नोकरी मिळेना. ती मिळाली ती विवाहानंतर, बदललेल्या आडनावाने. समीक्षकांनी या लेखनातले दुःख आणि तेज टिपले. त्यातला कठोर सामाजिक निष्कर्ष मात्र निसटला. विषय जिंकला तरी त्या विषयाचा बाजार ज्यांच्या हाती आहे ते आडनाव पाहतात. निवडीचे मोल केवळ विद्यार्थ्याच्या गुणवत्तेवर ठरत नाही.

ऊर्मिला पवारांच्या 'आयदान' (२००३) मध्ये दुसरी बाजू आहे. आई बांबूची आयदाने विणते. तो तिच्या हातचा धंदा, घर चालविणारा. मुलगी सरकारी कचेरीत नोकरी करते आणि लग्नानंतर, संसार आणि मुले सांभाळून, घरातली नाराजी सोसून मराठीत एम.ए. होते. येथे परत शिकणारी स्त्री आहे. साहित्य हा विषय घेऊन तिने आईच्या विणकामाला आपल्या लेखनाचे रूपक बनविले. पण एक गोष्ट उरतेच. आईच्या हातात कौशल्य होते, त्याला ना किंमत होती, ना प्रमाणपत्र. ज्या समाजाने हाताच्या कौशल्याला हीन ठरविले, त्याने आपल्यालाही कौशल्य सोडून केवळ पदवीकडे धावायला शिकविले.

नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले आणि वाढत्या वयात परीक्षा देऊन महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले. त्यांच्या १९६६ च्या संग्रहाचे नावच 'माझे विद्यापीठ' आहे. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेचा नायक रेल्वेत कामाला जातो; तेथे त्याला जात लपवावी लागते. कामाचे ठिकाण जातीपासून मुक्त नसते, हे बागुलांनी साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवले. पण त्यांच्यानंतर यंत्रशाळा आपल्या गद्यात अभावानेच आली. आत्मकथने कचेरीच्या दाराशी थांबली. लेथवर उभा असलेला, मायक्रोमीटर वाचणारा, ड्रॉइंग समजून घेणारा दलित माणूस नायक म्हणून आपल्याकडे कितीदा दिसतो?

आणि ही वाट आपल्याला अनोळखी नाही. १८५५ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. बाबासाहेब स्वतः परत गेलेले विद्यार्थी होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धा टाकून त्यांना यावे लागले. बडोद्यातला अपमान सोसला, सिडनहॅम महाविद्यालयात शिकवून पैसे साठविले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा गेले. १९२३ पर्यंत अर्थशास्त्रातील डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी दोन्ही मिळविल्या. अर्थशास्त्राने त्यांना व्यवस्था समजली. वकिलीने कोणाही वरिष्ठाच्या मर्जीवाचून जगण्याचे साधन दिले. ही निवड केवळ आवडीची नव्हती आणि केवळ पोटाचीही नव्हती.

त्याच बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात सांगितले की, कला आणि कायदा यांच्या शिक्षणापेक्षा विज्ञान-तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण दलितांना अधिक उपयोगी पडेल. सरकारी छापखाने आणि रेल्वे कारखान्यांत उमेदवारीची सोयही त्यांनी मागितली. त्याआधी १९२८ च्या गिरणी संपात त्यांनी विणकाम खात्याचा प्रश्न मांडला होता. धागा तोंडाने ओला करावा लागतो म्हणून अस्पृश्याला त्या खात्यात मज्जाव होता, आणि पगार त्याच खात्यात चांगला होता. खाते कोणते, यावर मजुरी ठरत होती आणि खाते जात ठरवीत होती. आज चाकणच्या कारखान्यांत हाउसकीपिंगमध्ये कोण आणि टूलरूममध्ये कोण, याची मोजदाद चळवळीने केली आहे काय?

म्हणून परत शिकणाऱ्याने तीन कसोट्या लावाव्यात. पहिली: हे काम माझ्या हातात आणि डोक्यात राहील, की कंपनीच्या लाईनवरच राहील? लाईनवर एकच क्रिया शिकलेला माणूस मॉडेल बदलताच कोरा होतो. आकुर्डीत बजाजचा स्कूटरचा कारखाना २००७ साली बंद झाला. २०२२ साली तेथेच विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना सुरू झाला. ज्याला मोजमाप, ड्रॉइंग, वीजजोडणी येते तो अशा बदलात टिकण्याची शक्यता अधिक. दुसरी: पुढची पायरी आहे काय? सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी देता येते. आय.टी.आय.ला वयाची वरची अट नाही. मोरवाडीला महापालिकेची संस्था आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड केला तर पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची वाट असते. तिसरी: कायदा मला काय म्हणतो? १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे उमेदवार हा कामगार नव्हे, शिकणारा आहे. २०१३ साली आलेल्या नीम योजनेतही राबणाऱ्यांना प्रशिक्षणार्थी हेच नाव होते. शिकविणारे शिकवीत असतील तर हे नाव ठीक. नुसते राबवून घ्यायचे असेल तर शिक्षणाच्या नावाने स्वस्त मजूर मिळविण्याची ती युक्ती ठरते. प्रवेशाआधी विचारावे: शिकविणार काय, किती तास, कोण, आणि शेवटी मिळणारे प्रमाणपत्र कोणाचे?

हे प्रश्न एकट्याने विचारून भागत नाही. विहारांत आणि वस्त्यांत आपण अभ्यासिका चालवितो. तेथे स्पर्धा परीक्षेच्या मुलांना जागा आहे. रात्री दहा वाजता पाळीवरून आलेल्या बत्तीस वर्षांच्या ऑपरेटरला तेथे खुर्ची आहे काय? त्याच्याशी ट्रेडबद्दल बोलायला एखादा निवृत्त फिटर, एखादी इलेक्ट्रिशियन बसते काय? शिक्षक-कार्यकर्त्यांनी हे काम अंगावर घ्यावे. आणि लेखकांनी या माणसाकडे वळावे. शाळेत प्रवेश मिळविल्याची कथा आपण समर्थपणे लिहिली. शिकून कोणत्या यंत्रासमोर, कोणत्या पदावर, कोणाच्या अटींवर उभे राहायचे, याची कथा अजून लिहावयाची आहे. समीक्षेने तिची मागणी आता करावयास हवी.