मनाचा हिशेब आणि मुर्शिदाचा अधिकार

साधकाला मार्गदर्शक हवा, याविषयी आपल्याकडे वाद नाही. वाद होतो तो कोणाचा गुरू थोर आणि कोणाची परंपरा जुनी, याविषयी. परंतु गुरूचा अधिकार कोठून सुरू होतो आणि कोठे संपतो, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. कोणी विचारलाच तर त्याच्या श्रद्धेविषयी शंका घेतो. हाच प्रश्न सुमारे नऊशे वर्षांपूर्वी इस्लामी जगातील एका पंडिताने मोठ्या कसोशीने हाताळला. तो पंडित धर्मशास्त्राचा, म्हणजे त्या समाजाच्या कायद्याचाही, अध्यापक होता. त्याचे नाव अबू हामिद अल् गझाली. त्यांच्या ग्रंथांतील गुरुविचार कोठे पटतो आणि कोठे अडतो, हे पाहण्याचा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम ग्रंथकर्त्याची ओळख. गझालींचा जन्म १०५८ साली इराणच्या खुरासान प्रांतातील तूस येथे झाला. निशापूर येथे जुवैनी या नामांकित आचार्यांपाशी त्यांचे अध्ययन झाले. सेल्जुक सुलतानाचा वजीर निजाम उल्‌ मुल्क याने १०९१ साली त्यांना बगदादच्या निजामिया विद्यालयात मुख्य अध्यापक नेमले. तेथे तीनशे विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत, असे ते स्वतःच लिहितात. असे वैभव चालू असता १०९५ साली त्यांची वाचा बंद पडली. शिकवू म्हटले तर जीभ वळेना, अन्न गळ्याखाली उतरेना. वैद्यांनी रोग मनाचा आहे म्हणून हात टेकले. मक्केच्या यात्रेचे निमित्त सांगून गझालींनी बगदाद सोडले. दमास्कसच्या मोठ्या मशिदीच्या मिनारात, पुढे जेरुसलेममध्ये त्यांनी एकांत सेवन केला. मक्का व मदिनेची यात्राही केली. सुमारे अकरा वर्षांनी, ११०६ साली, ते निशापूरला पुन्हा अध्यापनाच्या आसनावर बसले आणि ११११ साली तूस येथेच त्यांचे निधन झाले.

हा वृत्तान्त त्यांनी 'अल मुन्किझ मिनद्दलाल', म्हणजे 'भ्रमातून सुटका', या छोट्या आत्मकथनात दिला आहे. माँटगोमेरी वॉट यांनी १९५३ साली त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हापासून ते आपल्याकडील जिज्ञासूंनाही सुलभ झाले. या ग्रंथात गझाली सत्यशोधकांचे चार पक्ष समोर उभे करतात: वादपंडित, तत्त्वज्ञ, बातिनी आणि सूफी. न्यायाधीशाने एकेका पक्षकाराची बाजू ऐकून घ्यावी, त्याप्रमाणे ते प्रत्येकाचे म्हणणे आधी नीट मांडतात, मग निकाल देतात.

आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने यांतील बातिनी पक्ष महत्त्वाचा. या पक्षाचे म्हणणे असे की, मनुष्याची बुद्धी चुकते, म्हणून प्रत्येक काळी एक अस्खलित इमाम असलाच पाहिजे आणि त्याच्या शब्दाला शरण गेल्यावाचून सत्य लाभणार नाही. गझालींना शिक्षकाची गरज मान्य आहे. परंतु चूक होऊच शकत नाही असा शिक्षक एकच, तो म्हणजे पैगंबर. त्यांच्यामागे तसा दुसरा कोणी मानण्याचे कारण नाही, असे त्यांचे उत्तर आहे. पैगंबरांनी मुआझ यांना येमेनला पाठविले तेव्हा जेथे वचन सापडणार नाही तेथे स्वतःच्या विवेकाने निवाडा करण्यास मान्यता दिली होती, याची ते आठवण देतात. ज्याला प्रार्थनेची दिशा कळत नाही त्याने आपल्या विचाराने दिशा ठरवून प्रार्थना करावी. दिशा सांगणाऱ्या इमामाला शोधीत बसला तर प्रार्थनेची वेळ निघून जाईल, हाही त्यांचा दाखला आहे. बुद्धीची चूक होते म्हणून बुद्धीच दुसऱ्याच्या हवाली करावी, हा युक्तिवाद गझालींनी येथे फेटाळला आहे. हा निकाल वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याच निकालाच्या आधारे आम्हांस त्यांच्याशीच वाद घालायचा आहे.

गझालींचा मुख्य ग्रंथ 'इह्या उलूमुद्दीन', म्हणजे 'धर्मविद्यांचे पुनरुज्जीवन'. त्याचे चार भाग असून प्रत्येकात दहा, असे एकूण चाळीस प्रकरण-ग्रंथ आहेत. त्यांतील बाविसावा मनाच्या शिस्तीविषयी आहे. क्रोध, लोभ, गर्व हे मनाचे रोग होत, आणि रोगाचा उपचार त्याच्या विरुद्ध गुणाच्या अभ्यासाने करावा, हे त्याचे सूत्र. वैद्य सर्व रोग्यांना एकच औषध देऊ लागला तर बहुतेकांना मारील; त्याचप्रमाणे सर्व शिष्यांना एकच साधना सांगणारा गुरू त्यांची मने मारतो, असे ते बजावतात. ज्याला प्रतिष्ठेचा गर्व आहे त्याला बाजारात भीक मागावयास पाठवावे. जो कपड्यांच्या टापटिपीत रमला आहे त्याला शौचकूप झाडण्यास व मुदपाकखान्यात राबण्यास लावावे, असे त्यांचे उपाय आहेत.

परंतु मुळात आपला दोष आपल्याला कळावा कसा? यावर गझाली चार मार्ग सांगतात. पहिला, मनाचे दोष ओळखणाऱ्या जाणत्या गुरूपाशी बसावे. दुसरा, सत्य बोलणारा मित्र जोडून त्याला आपल्यावर पहारेकरी नेमावे. तिसरा, शत्रूच्या तोंडून आपले दोष ऐकावेत, कारण स्तुती करणाऱ्या मित्रापेक्षा निंदक अधिक उपयोगी पडतो. चौथा, लोकांत मिसळावे आणि दुसऱ्यात जे वाईट दिसेल ते आपल्यातही आहे असे समजून शोधावे. निंदकाचे घर शेजारी असावे ही भावना आपल्या संतांच्या वाचकांना अपरिचित नाही. आमच्या मते या चार मार्गांची मांडणी हाच गझालींच्या गुरुविचाराचा गाभा आहे. गुरूला पहिले स्थान आहे, पण एकमेव स्थान नाही. गुरू न भेटला म्हणून साधकाची वाट बंद होत नाही, आणि गुरू भेटला म्हणून मित्र, शत्रू व समाज यांची साक्ष रद्दही होत नाही.

याच ग्रंथाचे अडतिसावे प्रकरण आम्हां वकिलांच्या विशेष आवडीचे व्हावे असे आहे. आत्मपरीक्षणाच्या पायऱ्या तेथे व्यापाऱ्याच्या भाषेत लावल्या आहेत. आयुष्य हे भांडवल, मन हा भागीदार. सकाळी त्याच्याशी शर्ती ठरवाव्यात, दिवसभर नजर ठेवावी, रात्री हिशेब घ्यावा, तूट आली तर दंड करावा, मग कसून प्रयत्न करावा आणि शेवटी मनाची कानउघाडणी करावी. 'शर्त' आणि 'हिशेब' हे अरबी शब्द फारसी दप्तरांतून आपल्या मराठीत आले व घरचे झाले. गझालींनी तेच मूळ शब्द साधनेसाठी योजिले आहेत. नवव्या शतकात बगदादमध्ये राहणारे मुहासिबी हे साधू तर मनाचा हिशेब घेणारे म्हणूनच त्या नावाने ओळखले गेले. त्यांचे ग्रंथ आपण वाचले होते हे गझाली मोकळेपणाने सांगतात. येथे एक गोष्ट उघड दिसते. हा हिशेब ज्याचा त्याने रोज लिहावयाचा आहे. तो लिहिण्याचे काम गुरूकडे सोपविलेले नाही.

तिसरा ग्रंथ म्हणजे 'अय्युहल वलद', 'हे वत्सा', हे एका शिष्याला लिहिलेले पत्र. पुष्कळ शिकून झाल्यावर आता नेमके उपयोगाचे काय ते सांगा, अशी शिष्याची विनंती. गझाली त्याला सांगतात की, आचरणावाचून विद्या व्यर्थ आहे. रानात एखाद्या शूर पुरुषापाशी दहा हिंदी तलवारी असल्या आणि सिंह चालून आला, तर तलवारी उपसल्याखेरीज त्यांचा काय उपयोग? आपल्या देशाच्या पोलादाची कीर्ती या दाखल्यात सहज नोंदली गेली आहे. पुढे ते मुर्शिदाची, म्हणजे मार्गदर्शकाची, लक्षणे देतात. तो विद्वान असावा, पण प्रत्येक विद्वान या कामाला पात्र नसतो. द्रव्याचा व मानाचा मोह त्याने सोडलेला असावा. तो स्वतः कोणा जाणत्याच्या शिस्तीत वाढलेला असावा. असा मनुष्य दुर्मिळ आहे, हेही ते लपवीत नाहीत.

मग शिष्याचे कर्तव्य. बाहेरून त्याने गुरूशी वाद घालू नये. आतून, जे तोंडाने मान्य केले ते मनाने नाकारू नये, कारण तो दंभ होय. आणि हे साधत नसेल तर? तर अंतर्बाह्य एक होईपर्यंत शिष्याने त्या गुरूची संगत सोडावी, असे गझाली सांगतात. या एका वाक्याचे मोल आम्ही फार मानतो. मन पटत नसता मान डोलावण्यापेक्षा उठून जाणे त्यांना अधिक धर्म्य वाटते.

आता आमचा आक्षेप. 'इह्या'च्या पहिल्याच प्रकरणात विद्यार्थ्याची कर्तव्ये सांगताना गझाली अशा आशयाचे लिहितात की, मार्गदर्शकाची चूकही शिष्याला स्वतःच्या बरोबर निर्णयापेक्षा हितकर ठरते. आधारासाठी ते कुराणातील मूसा व खिझ्र यांची कथा घेतात. खिझ्राने नाव फोडली, एका मुलाचा वध केला आणि अन्न नाकारणाऱ्या गावातील पडकी भिंत फुकट उभारून दिली. मूसांना राहवले नाही, त्यांनी प्रत्येक वेळी जाब विचारला, आणि त्यांची संगत तुटली.

न्यायालयात पूर्वीचा निवाडा दाखविला की समोरचा वकील प्रथम पाहतो की, दोन्ही प्रकरणांतील तथ्ये सारखी आहेत काय. येथे ती सारखी नाहीत. खिझ्राला थेट ईश्वरी ज्ञान होते, हे कुराणच सांगते. आपण केले ते आपल्या मर्जीने केले नाही, असे तो स्वतःच म्हणतो. कोणत्या मुर्शिदाला असा दाखला देता येईल? शिवाय निरोप घेताना खिझ्राने तिन्ही कृत्यांचे कारण उलगडून सांगितले. म्हणजे जाब विचारला गेला आणि जाब मिळालाही. ही कथा संयम शिकविते हे खरे. चुकीला हितकर ठरविण्याचा आधार मात्र तीत सापडत नाही, कारण खिझ्राची चूक झालेलीच नव्हती.

वैद्याचा दृष्टान्तही येथे अपुरा पडतो. वैद्याचे औषध लागू पडले की नाही हे रोग्याचे शरीर सांगते, आणि न पडल्यास रोगी दुसऱ्या वैद्याकडे जातो. गुरूच्या चुकीलाच औषध म्हटले, तर रोग वाढल्याचे कळावे कशाने? ज्या गझालींनी बातिनींचा अस्खलित इमाम नाकारला, त्यांनीच चुकणाऱ्या मुर्शिदाला त्या इमामाइतका अधिकार मागच्या दाराने दिला, अशी आमची तक्रार आहे. त्यांचा स्वतःचा अनुभवही या सूत्राला दुजोरा देत नाही. आत्मकथनात ते सूफींचे ग्रंथ वाचल्याचे सांगतात, महिनोन् महिने मनाशी झगडल्याचे सांगतात, ईश्वराने अंतरात टाकलेल्या प्रकाशाचे ऋण मानतात. परंतु एका जिवंत गुरूच्या आज्ञेने आपण बगदाद सोडले, असे त्या कथनात कोठेही नाही. तो कठीण निर्णय त्यांनी स्वतः घेतला.

या वादाला केवळ ग्रंथाचे महत्त्व आहे असे कोणी समजू नये. भारतीय करार कायद्याच्या सोळाव्या कलमाचा अभ्यास करणारा प्रत्येक विद्यार्थी अलाहाबाद उच्च न्यायालयाचा १८९० सालचा एक निवाडा वाचतो. एका वृद्ध गृहस्थाने परलोकी कल्याण व्हावे म्हणून आपली सर्व मिळकत आपल्या गुरूला लिहून दिली होती. न्यायालयाने ते दानपत्र रद्द केले. ज्याचा दुसऱ्याच्या मनावर ताबा आहे, त्याने केलेला व्यवहार उघड अन्यायाचा दिसला, तर तो शुद्ध होता हे सिद्ध करण्याचा भार ताबा असलेल्यावर पडतो, हे या कलमाचे तत्त्व. कायदा येथवरच येऊ शकतो. मिळकत परत मिळते. परंतु ज्याने आपला विवेकच लिहून दिला, त्याचे दानपत्र कोणते न्यायालय रद्द करणार? ते त्याचे त्यानेच रद्द करावे लागते, आणि त्यासाठी गझालींनी दाखविलेले दार उघडे असावे लागते.

आपल्या परंपरेतही हे दार आहे. समर्थांनी 'दासबोधा'च्या पाचव्या दशकात गुरूचा निश्चय सांगून लगेच गुरूची लक्षणे व शिष्याची लक्षणे स्वतंत्र समासांत सांगितली, ती पारखून घेण्यासाठीच. श्रीगोंद्याचे शेख महंमद, 'योगसंग्राम' या मराठी ग्रंथाचे कर्ते, सूफी आणि भागवत या दोन्ही प्रवाहांचे पाणी प्याले आणि वारकऱ्यांनी त्यांना आपले मानले. तेव्हा मुर्शिदाचा विचार आपल्या दारी परका नाही, आणि त्यातील धोकाही केवळ परक्यांचा नाही. मंदिराच्या सभामंडपात बसणाऱ्यांनी आणि दर्ग्याच्या ओट्यावर बसणाऱ्यांनी तो सारखाच ओळखावा.

म्हणून आमचा अभिप्राय असा. गझालींचा बाविसावा व अडतिसावा ग्रंथ आणि शिष्याला लिहिलेले पत्र कोणत्याही धर्माच्या साधकाने आदराने वाचावे. मनाच्या रोगांचे इतके सूक्ष्म व इतके व्यवहारी निदान क्वचितच आढळते. गुरूच्या चुकीविषयीचे त्यांचे वचन मात्र त्यांच्याच इतर वचनांच्या उजेडात वाचावे आणि तेथे शिष्याचा विवेक वरचढ मानावा. गुरूने हिशेब तपासावा, चूक दाखवावी, रागवावे. शिष्याने ते नम्रतेने ऐकावे. वही शिष्याची आहे, आणि तिच्याखाली सहीही त्यालाच करावयाची आहे. या सहीसाठी कोणालाही मुखत्यारपत्र देता येत नाही.