शोक कोणाचा? : माहलरच्या एका गीतमालिकेविषयी

गुस्टाव माहलरच्या ‘किंडरटोटनलीडर’ या गीतमालिकेची, म्हणजे मृत बालकांविषयीच्या पाच गीतांची, चर्चा बहुधा एका चरित्रात्मक योगायोगापाशी येऊन थांबते. १९०७ साली माहलरची थोरली मुलगी मारिया वारली. म्हणून ही गीते भावी आघाताची पूर्वसूचना मानली जातात. पत्नी आल्मा हिच्या आठवणींनी या समजुतीला बळ दिले. कालक्रम मात्र तिला अनुकूल नाही. पाचांपैकी तीन गीते १९०१ च्या उन्हाळ्यात, माहलरच्या विवाहापूर्वीच, रचली गेली. उरलेली दोन १९०४ मधील आहेत.

प्रत्यक्ष अपत्यशोक होता तो कवीचा. १८३३-३४ च्या हिवाळ्यात फ्रीडरिश र्‍युकर्टची दोन मुले स्कार्लेट फीवरने दगावली आणि त्याने चारशेहून अधिक कविता लिहिल्या. त्यांचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १८७२ मध्ये, प्रसिद्ध झाला. माहलरची भावंडेही बालपणीच गेली होती. त्यांतील एका भावाचे नाव र्‍युकर्टच्या मुलाप्रमाणेच एर्न्स्ट होते. परंतु या माहितीने एका चरित्रात्मक कारणाच्या जागी दुसरे येते, इतकेच. चारशेंतून पाचच कविता निवडून त्यांना जो घाट दिला गेला, त्याचा उलगडा तिने होत नाही.

तो घाट पहिल्याच गीतात प्रत्ययाला येतो. शब्द सूर्योदयाचे आहेत, पण स्वरावली खाली उतरते. रात्रीच्या दुर्दैवाचा उल्लेख होताच ती चढू लागते. शब्द सांत्वन करू पाहतात, संगीत ते सांत्वन स्वीकारत नाही. शोक निवेदकाच्या उद्गारात नाही, तर या दोहोंमधील विसंवादात आहे. अखेरच्या गीतातील वादळ डी मायनरमधून डी मेजरमधल्या अंगाईगीतात निवते. हा शेवट निखळ दिलासा मानावा काय? अंगाई सुरू होण्याआधी पहिल्या गीतातील ग्लोकनश्पीलचा घंटानाद पुन्हा ऐकू येतो. ज्या पहाटेने मृत्यूची जाणीव करून दिली, तिचीच खूण या शांततेवर उमटलेली आहे. पाचही गीते एक अखंड कृती म्हणून सादर व्हावीत, या माहलरच्या सूचनेचे मर्मही येथे कळते: पहिले गीत स्मरणात नसेल, तर या घंटेला अर्थच उरत नाही.

र्‍युकर्ट हा ‘गीतगोविंदा’चा जर्मन अनुवादक. त्याच्या कवितेपाशी संस्कृत काव्यशास्त्राचे स्मरण होणे म्हणूनच अप्रस्तुत नाही. क्रौंचवधाच्या प्रसंगाची चर्चा करताना अभिनवगुप्त बजावतो, की तो शोक मुनीचा वैयक्तिक शोक मानू नये. तसे मानल्यास केवळ दुःखच उरेल, करुणरस संभवणार नाही. माहलरच्या कृतीला हाच निकष लावायला हवा. शोक कोणाच्या आयुष्यातून आला हा प्रश्न चरित्रकाराचा आहे. तो रचनेत कोणत्या संबंधांनी सिद्ध झाला, हा प्रश्न समीक्षेचा आहे, आणि त्याचे उत्तर मारियाच्या मृत्यूत शोधणे म्हणजे त्या मुलीवर आणि त्या संगीतावरही अन्याय करणे होय.