सहक्षेपणाचा विस्तार आणि स्थानिक ध्वनीचा संकोच : हिंगोली जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

आकाशवाणीच्या कार्याचे मूल्यमापन करताना सामान्यतः व्याप्तीचा निकष वापरला जातो. देशाचे किती क्षेत्र व किती लोकसंख्या क्षेपणाच्या टप्प्यात आली, हा आकडा अहवालांत अग्रस्थानी असतो. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. आकाशवाणीची एफ.एम. व्याप्ती क्षेत्रफळाच्या ५९ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांपर्यंत व लोकसंख्येच्या ६८ टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत नेणे, हे तिचे एक उद्दिष्ट होते. त्याच वर्षी २८ एप्रिल रोजी १८ राज्ये व दोन केंद्रशासित प्रदेशांतील ८४ जिल्ह्यांत प्रत्येकी १०० वॅट क्षमतेच्या ९१ एफ.एम. प्रक्षेपकांचे उद्घाटन झाले.

हा विस्तार स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु हा विस्तार नेमका कशाचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. असे लघुप्रक्षेपक प्रामुख्याने अन्यत्र तयार झालेल्या कार्यक्रमांच्या सहक्षेपणासाठी असतात. तेथे ध्वनिमुद्रणकक्ष नसतो, निवेदक नसतो, कार्यक्रम अधिकारीही नसतो. ज्या काळात प्रक्षेपकांची संख्या वाढत आहे, त्याच काळात लहान केंद्रांवरील स्थानिक निर्मितीच्या भवितव्याविषयी वारंवार चिंता व्यक्त होत आहे. ध्वनी पोहोचविण्याची क्षमता वाढत असताना ध्वनी स्वीकारण्याची क्षमता घटत असेल, तर त्यास प्रसारणाचा विकास म्हणता येईल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्थानिक नभोवाणीची मूळ संकल्पना

या प्रश्नाचा एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्रातच सापडतो. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राच्या परिसरातील पाच जिल्ह्यांतील १५० गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग करण्यात आला. आठवड्यातून दोन याप्रमाणे २० कार्यक्रम प्रसारित झाले. गावकऱ्यांनी ते एकत्र बसून ऐकले, त्यांवर चर्चा केली आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठविले. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाचे मूल्यमापन केले. प्रयोगाचे वैशिष्ट्य केवळ कार्यक्रमांच्या आशयात नव्हते. गावाकडून केंद्राकडे परत येणारी वाट त्यात जाणीवपूर्वक बांधलेली होती. १९५९ पासून ही कल्पना देशभर राबविण्यात आली.

तमिळनाडूतील नागरकोविल येथे १९८४ मध्ये सुरू झालेले देशातील पहिले स्थानिक नभोवाणी केंद्र याच विचाराचे पुढचे पाऊल होते. मर्यादित क्षेत्र, लहान कर्मचारीवर्ग आणि स्टुडिओबाहेर पडून लोकांमध्ये जाऊन केलेले ध्वनिमुद्रण, ही या संकल्पनेची त्रिसूत्री होती. प्रसार भारती अधिनियम, १९९० याच्या कलम १२ मध्येही देशातील विविध प्रदेशांच्या संस्कृती व भाषांना पुरेसे स्थान देणे आणि कृषी व ग्रामीण विकासाकडे विशेष लक्ष पुरविणे ही कर्तव्ये नमूद आहेत. याचा अर्थ असा की, स्थानिकता ही आकाशवाणीने श्रोत्यांवर केलेली कृपा नाही. ती तिची वैधानिक जबाबदारी आहे.

हिंगोलीचे स्थान

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ११,७७,३४५. संत नामदेवांशी निगडित नर्सी, ज्योतिर्लिंगाचे औंढा आणि हळदीची बाजारपेठ म्हणून ख्यात असलेले वसमत यांमुळे जिल्ह्याला स्वतःचे व्यक्तिमत्त्व आहे. कळमनुरी परिसरातील आंध आदिवासी समाज, तांड्यांवर बोलली जाणारी बंजारा बोली आणि विदर्भाच्या सीमेवरील वऱ्हाडीच्या छटा यांमुळे येथील भाषिक चित्र बहुरंगी आहे.

प्रशासकीयदृष्ट्या जिल्हा वेगळा झाला तरी कार्यक्रमनिर्मिती करणारे स्वतःचे आकाशवाणी केंद्र त्यास लाभले नाही. येथील श्रोत्याचा आधार परभणी व नांदेड ही शेजारची केंद्रेच राहिली. म्हणजे हिंगोलीसाठी ‘स्थानिक’ हा शब्द प्रथमपासूनच एक जिल्हा ओलांडून येतो. तथापि, परभणीचे अंतर हे एसटीने सकाळी जाऊन सायंकाळी परतता येण्याजोगे अंतर आहे. भजनी मंडळ ध्वनिमुद्रणासाठी तेथे जाऊ शकते. हळदीच्या कंदकुजीवर बोलणारा तज्ज्ञ त्याच शहरातील कृषी विद्यापीठात उपलब्ध असतो. कार्यक्रमनिर्मिती मुंबई किंवा पुण्यात एकवटल्यास हे अंतर केवळ किलोमीटरने वाढत नाही. ते लहान कलावंताच्या व शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जाते.

येथे स्टुडिओ या वास्तूचे खरे स्वरूप लक्षात घ्यावयास हवे. स्टुडिओ म्हणजे जेथून बोलले जाते ती जागा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः लहान केंद्राचा स्टुडिओ ही ऐकण्याची जागाही असते. स्वरचाचणीसाठी आलेला गायक, श्रोत्यांची पत्रे, फोनवरून विचारलेले प्रश्न, गावातील समस्या सांगावयास आलेला सरपंच, हे सारे त्या दारातून आत येतात. सहक्षेपण केंद्राला असे दार नसते.

केंद्रीकरणाचे तर्क व त्यांची चिकित्सा

जानेवारी २०२१ मध्ये आकाशवाणीची केंद्रे बंद होणार अशा बातम्या आल्या, तेव्हा कोणतेही केंद्र बंद होणार नाही व केंद्रे स्थानिक निर्मिती करीत राहतील, असा खुलासा प्रसार भारतीने केला. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरकडे सोपविण्याचा निर्णय झाला. तीव्र विरोधानंतर तो स्थगित करण्यात आला. हा प्रसंग मराठवाड्यातील वाचकाने विशेष सावधपणे तपासावा. पुण्याचे काम मराठवाड्यात येणे वरकरणी विकेंद्रीकरण वाटते. परंतु एका ठिकाणचा विभाग बंद करून दुसऱ्यावर भार टाकणे म्हणजे विकेंद्रीकरण नव्हे. शिवाय पुण्याच्या बाजूने उभे राहणारे राजकीय नेतृत्व, पत्रकार व श्रोते मोठ्या संख्येने होते. परभणी किंवा नांदेडच्या कार्यक्रमांतील एखादा तास कमी झाल्यास त्याची दखल तितक्या तत्परतेने घेतली जाईल काय?

खासगी क्षेत्राचा मार्गही याहून वेगळा नाही. एफ.एम.च्या दुसऱ्या टप्प्यात एका केंद्राचा कार्यक्रम दुसऱ्या केंद्रावरून देण्याची मुभा लहान शहरांपुरती व एकाच विभागात मर्यादित होती. २०११ च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने ती कंपनीच्या देशभरातील जाळ्यासाठी खुली केली. हेच धोरण मुख्यतः एक लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी होते. २०११ मध्ये हिंगोली शहराची लोकसंख्या त्याहून कमी होती. बाजारपेठेने ज्याला श्रोता म्हणून मोजले नाही, त्याच्यासाठी सार्वजनिक प्रसारण हाच पर्याय उरतो.

परदेशांतही हाच प्रवाह दिसतो. अमेरिकेत परवानाधारक केंद्राने आपल्या प्रसारणक्षेत्रात मुख्य स्टुडिओ ठेवावा, हा अनेक दशकांचा नियम ऑक्टोबर २०१७ मध्ये रद्द झाला. बी.बी.सी.ने ऑक्टोबर २०२२ मध्ये इंग्लंडमधील स्थानिक केंद्रांचे दुपारनंतरचे बरेच कार्यक्रम सामायिक करण्याची योजना जाहीर केली. सर्वत्र युक्तिवाद एकच : खर्च वाचतो, दर्जा सुधारतो आणि श्रोता भ्रमणध्वनीकडे वळला आहे. यातील खर्चाचा मुद्दा खरा आहे. परंतु श्रोता दुरावला म्हणून स्थानिक निर्मिती कमी करणे हा उलटा उपाय होय. देशभर उपलब्ध असलेली गाणी व बातम्या भ्रमणध्वनीवर मिळतातच. तेथे सहज न मिळणारी गोष्ट म्हणजे आपल्या परिसराची विश्वसनीय माहिती.

आपत्तीची कसोटी

या प्रश्नाची कठोर कसोटी आपत्तीच्या वेळी लागते. अमेरिकेतील मायनॉट या लहान शहरात १८ जानेवारी २००२ रोजी रेल्वेचे डबे घसरून अमोनिया वायू पसरला. शहरातील सहाही व्यापारी नभोवाणी केंद्रे एकाच कंपनीच्या मालकीची होती आणि त्या रात्री प्रशासनाला त्यांच्याशी वेळेवर संपर्क साधता आला नाही. दोष इशारा देणाऱ्या यंत्रणेचा की केंद्रांचा, यावर पुढे वाद झाला. पण केंद्रात माणूस असण्याचे महत्त्व त्यातून अधोरेखित झाले.

हिंगोलीस हा प्रश्न परका नाही. २१ मार्च २०२४ रोजी पहाटे सहाच्या सुमारास जिल्ह्यात ४.५ व ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले. १० जुलै २०२४ रोजी सकाळी ७ वाजून १४ मिनिटांनी पुन्हा ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात भूगर्भातील आवाजांची भीती लोकांच्या अंगवळणी पडली आहे. अशा सकाळी लोकांना मुंबईतील गीतमाला नको असते. घरात जावे की नाही, हे परिचित आवाजात सांगणारा कोणी हवा असतो. याच जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो इंडिया’ वेधशाळा उभारण्यास २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. विश्वातील अतिसूक्ष्म कंपने ऐकण्याची योजना असलेल्या जिल्ह्यात जमिनीच्या कंपनाविषयी लोकांशी बोलणारा स्थानिक आवाज असू नये, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

आदर्शीकरणाचा धोका

तथापि, स्थानिक केंद्रांचे सरसकट गौरवीकरणही योग्य नव्हे. चित्रपटगीतांनी भरलेल्या सभा, अधिकाऱ्यांची साचेबद्ध भाषणे, पुन्हापुन्हा वाजणारी जुनी ध्वनिमुद्रणे आणि प्रमाणभाषेच्या आग्रहापायी बाजूला पडलेल्या बोली, हे दोष स्थानिक केंद्रांतही आढळतात. स्टुडिओ जवळ असणे ही स्थानिकतेची आवश्यक अट आहे. ती पुरेशी अट नाही. रिक्त पदे व नैमित्तिक उद्घोषकांच्या भरवशावर चालणारे केंद्र कागदोपत्री चालू राहूनही आतून रिकामे होऊ शकते. म्हणून ‘केंद्र बंद होणार नाही’ या आश्वासनाने समाधान मानता येत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, व्याप्तीच्या टक्केवारीइतकेच महत्त्व स्थानिक निर्मितीच्या तासांना दिले पाहिजे. प्रत्येक केंद्राने दररोज किती मिनिटे स्वतः निर्माण केली, त्यांत किती नवे आवाज होते व किती कार्यक्रम बोलींतून झाले, ही माहिती दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. सकाळच्या सभेत प्रत्यक्ष निवेदक उपस्थित असण्याचे बंधन असावे. परभणी व नांदेड केंद्रांनी हिंगोलीसाठी ठरावीक वेळ राखून ठेवावा.

महाविद्यालयांची जबाबदारीही येथे उद्भवते. शैक्षणिक संस्थांना सामुदायिक नभोवाणीचे दार २००२ च्या धोरणाने उघडले. २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाने पहिले केंद्र सुरू केले आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्था व कृषी विज्ञान केंद्रांनाही ही संधी मिळाली. म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ व पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ ही महाराष्ट्रातील उदाहरणे आहेत. स्वतःची बातमीपत्रे देण्यास या केंद्रांना मनाई असल्याने ती आकाशवाणीची जागा घेऊ शकत नाहीत. मात्र मराठी, कृषी, भूगोल व समाजशास्त्र विभागांकडे बोली, पीकपद्धती व लोकजीवनाचे जे ज्ञान आहे, ते ध्वनिरूपात साठविणे व जवळच्या केंद्राकडे सातत्याने पोहोचविणे परवान्याविनाही शक्य आहे. प्रसारणाच्या धोरणाला स्थानिक आवाजाची गरज पटवावयाची असेल, तर प्रथम तो आवाज अस्तित्वात आहे, हे सिद्ध करावे लागेल.