‘रिफिफी’तील घरफोडी : दृश्यरचना, मौन आणि नजर

दरोडापटांची चर्चा करताना समीक्षक बहुधा योजना, तिची अंमलबजावणी आणि अंतिम अपयश या कथानकाच्या अंगापाशीच थांबतात. दृश्यशैलीचा उल्लेख झालाच तर तो ‘उत्कंठा वाढविणारे तंत्र’ एवढ्यापुरता होतो. ज्यूल्स दासिन यांच्या ‘रिफिफी’ (१९५५) या फ्रेंच चित्रपटाला हे माप अपुरे पडते. प्रेक्षकाने कशाचे कौतुक करावे आणि कशाकडे पाठ फिरवावी, याचा निवाडा येथे कथानकापेक्षा कॅमेराच अधिक करतो. हा निवाडा तपासून पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ऑग्यूस्त ल ब्रतों यांच्या कादंबरीत घरफोडीच्या प्रसंगाला गौण स्थान आहे. दासिन यांनी तोच प्रसंग सुमारे अर्ध्या तासाचा करून चित्रपटाच्या मध्यभागी आणला. पॅरिसमधील एका जवाहिऱ्याच्या दुकानावरील मजल्यात शिरून, जमीन फोडून चौघेजण खाली उतरतात. (कायद्याच्या भाषेत दरोड्याला किमान पाच माणसे लागतात, त्या अर्थाने ‘दरोडापट’ ही आपली संज्ञा जरा सैलच म्हणावी लागेल.) या संपूर्ण भागात संवाद नाही, पार्श्वसंगीतही नाही. जॉर्ज ओरिक यांनी प्रसंगासाठी संगीत रचले होते. परंतु ते वगळावे, हे दासिन यांनी त्यांना पटवून दिले.

हे मौन म्हणजे ध्वनीचा अभाव नव्हे. संगीत काढून घेतल्यामुळे दबलेला खोकला, पडणाऱ्या गिलाव्याचा कण, चुकून दाबली गेलेली पियानोची एक पट्टी या साऱ्यांना घटनेचे मोल येते. छताला पाडलेल्या भोकातून मिटलेली छत्री खाली सोडून ती उघडतात आणि वरून पडणारा राडारोडा तिच्यात झेलतात. छत्रीसारखी घरगुती वस्तू उलटी होऊन अवजार बनते, आणि ही युक्ती कोणी शब्दांत समजावून न सांगता केवळ दृश्यातून उलगडते. फिलिप अगोस्तिनी यांचे छायालेखन येथे कोठेही मिरवत नाही. हात, अवजार आणि घाम यांवर ते स्थिर राहते.

या स्थैर्याची पूर्वतयारी दासिन यांनी आधीच करून ठेवलेली असते. धोक्याच्या घंटेवर टोळीने केलेला प्रयोग आपण पाहिलेला असतो. आग विझविण्याच्या नळकांड्यातील फेस तिचा आवाज बंद करतो, हेही आपल्याला ठाऊक असते. त्यामुळे प्रत्यक्ष प्रसंगी प्रेक्षक अनभिज्ञ साक्षीदार राहत नाही, तो जाणकार सहकारी होतो. स्टीव्हन सोडरबर्ग यांच्या ‘ओशन्स इलेव्हन’मध्ये (२००१) नेमके उलट घडते. तेथे योजनेचा कळीचा भाग प्रेक्षकापासून लपविला जातो आणि शेवटी जादूगाराच्या थाटात उघड केला जातो. तो चित्रपट रंजक आहे, यात शंका नाही; पण त्यातील चोरी हे काम वाटत नाही. ‘रिफिफी’त ती काम वाटते. संपूर्ण रात्र अर्ध्या तासात बसविण्यासाठी संकलनाने काळ कापलेला असूनही श्रमाचा भार मात्र कमी होत नाही. आपली सहानुभूती चोरीला नव्हे, कारागिरीला मिळते, असे आपण स्वतःला समजावतो.

येथेच एक अडचण उभी राहते. चित्रपटाच्या आरंभी तुरुंगातून सुटलेला टोनी आपली पूर्वीची प्रेयसी मादो हिला कपडे उतरवावयास लावून पट्ट्याने मारतो. ही मारहाण पडद्यावर दिसत नाही. ती केवळ ऐकू येते. म्हणजे घरफोडीत आपण पाहतो आणि काही ऐकू येऊ नये अशी इच्छा करतो. मादोच्या प्रसंगात ऐकतो आणि पाहण्यापासून वाचतो. ज्या हातांच्या कौशल्यावर कॅमेरा अर्धा तास खिळून राहतो, त्याच हातांच्या क्रौर्यासमोर तो नजर वळवितो. याला संयम म्हणता येईल, आणि तत्कालीन चित्रपटांचे संकेत पाहता ते समजण्याजोगेही आहे. परंतु परिणाम टोनीच्या पथ्यावर पडतो. जे पाहिले ते स्मरणात घर करते, जे ऐकले ते विरून जाते. पुढे हीच मादो टोनीला अपहृत मुलाच्या शोधात मदत करते, तेव्हा चित्रपटाने तिच्या वेदनेचा हिशेब मांडलेलाच नाही, हे तीव्रतेने जाणवते. ‘रिफिफी’च्या शैलीचे माहात्म्य सांगताना ही उणीव झाकून चालणार नाही.

विश्वासघाताच्या बाबतीत मात्र दासिन नजर वळवीत नाहीत. तिजोरी फोडणाऱ्या सेझारने एका गायिकेला दिलेली अंगठी टोळीचा घात करते, आणि दबावाखाली तो साथीदाराचे नाव सांगतो. रंगमंचाच्या सामानात खांबाला बांधलेल्या सेझारला टोनी गोळी घालतो. ही भूमिका ‘पेर्लो व्हिटा’ या नावाने स्वतः दासिन यांनी केली आहे. १९५१ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे दिग्दर्शक एडवर्ड डमिट्रिक यांनी दासिन यांचे नाव घेतले होते आणि हॉलिवुडचे दरवाजे त्यांना बंद झाले होते. ज्याचे नाव सांगितले गेले, त्यानेच नाव सांगणाऱ्याची भूमिका करावी आणि त्याच्या मरणाकडे प्रेक्षकाला रोखून पाहावयास लावावे, याला निव्वळ योगायोग मानणे मला कठीण जाते.

शेवटच्या प्रवासात ही सारी दृश्यशिस्त मोडून पडते. जखमी टोनी मुलाला उघड्या मोटारीतून घरी नेत असतो. मूल खेळण्यातले पिस्तूल नाचवीत असते. झाडे, आकाश, रस्ता सारे गरगरत जाते. घरफोडीत तसूभरही न ढळलेली चौकट आता मरणाऱ्या माणसाच्या दृष्टीसारखी वाहवत जाते. मोटार थांबते. आई मुलाला उचलून घेते. पैशांची पेटी गाडीतच राहते.