‘कमी असलेला बरा’ : भूल देताना कार्बन डायऑक्साइडचं काय करायचं?

मराठी माध्यमात शिकलेल्या कुणालाही विचारा, रक्त दोन प्रकारचं असतं: शुद्ध आणि अशुद्ध. ऑक्सिजनवालं ते शुद्ध, कार्बन डायऑक्साइडवालं ते अशुद्ध. आकृतीत एक लाल, दुसरं निळं. तुमची शाळा भारताबाहेर झाली असेल, तरी आईबाबांकडून हे शब्द कानावर पडलेच असतील. समजवायला ते सोपे आहेत, पण त्यांच्यात एक निवाडा दडलाय: कार्बन डायऑक्साइड म्हणजे घाण, जितकी बाहेर जाईल तितकी बरी. हा समज पाठ्यपुस्तकापुरता असता तर सोडून दिला असता. पण ऑपरेशन थिएटरमध्येही तो कित्येक दशकं ठाण मांडून होता, आणि अजून पुरता गेलेला नाही. ‘जास्त नको, थोडा कमी चालेल’ ही ती सवय. आज तिचीच उलटतपासणी करू.

आधी यंत्रणा समजून घेऊ. (पुढे नुसतं ‘सीओटू’ म्हणतो.) शरीर विश्रांतीत असताना मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर सीओटू तयार करतं. जागेपणी मेंदूच्या बुडाशी असलेलं श्वसनकेंद्र त्याच्यावर डोळा ठेवून असतं आणि धमनीतला सीओटू ४० मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास राखतं. ब्रिटनमधल्या मॉनिटरवर हाच आकडा सुमारे ५.३ किलोपास्कल असा दिसतो. संपूर्ण भूल दिली की हे केंद्र मंदावतं, आणि स्नायू सैल करणारं औषध दिलं की श्वास थांबतोच. मग दर मिनिटाला किती वेळा आणि किती हवा आत जाईल हे भूलतज्ज्ञ ठरवतो. फुफ्फुसांपर्यंत पोचणारी हवा दुप्पट केली की सीओटू हळूहळू निम्म्यावर येतो. म्हणजे एरवी शरीर ज्याचा हिशोब डोळ्यात तेल घालून ठेवतं, तो आकडा इथे व्हेंटिलेटरच्या दोन बटणांवर येऊन बसतो.

आता असं समजा, की बटणं ५०० मिलिलिटर आणि मिनिटाला १२ श्वास अशी लावलेली आहेत. धिप्पाड माणसाला हे बेताचं होईल. पण पंचेचाळीस किलोच्या सत्तरीतल्या बाईंना हे खूपच जास्त आहे. त्यांचा सीओटू ३० च्या खाली गेला, तर सुरात सूर मिसळून कुणी ओरडत नाही. ऑक्सिजन ९९ टक्के, नाडी ठीक, ऑपरेशन चालू. ५५ झाला असता तर खोलीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या असत्या.

ही एकांगी भीती आली कुठून? तिच्यामागे खरी कारणं होती, हे आधी मान्य करायला हवं. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात पहिल्या तीन आठवड्यांत श्वसनयंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात सीओटूचं एकूण प्रमाण खूप जास्त दिसत होतं. डॉक्टरांनी त्याचा अर्थ लावला, की रक्त अल्कधर्मी झालंय, हा काहीतरी गूढ प्रकार आहे. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने उलट सांगितलं: श्वास अपुरा पडतोय, सीओटू आत साचतोय आणि रक्त आम्ल होतंय. २७ ऑगस्टला त्याने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत छेद देऊन नळी घातली, हाताने फुगा दाबून हवा दिली आणि मुलगी वाचली. मग सुमारे १,५०० वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने फुगे दाबले. आजच्या आयसीयूचा जन्म इथला मानतात.

त्याच काळात लिव्हरपूलमध्ये सेसिल ग्रे आणि त्यांचे सहकारी क्युरारे देऊन, वर हलकी भूल ठेवून, रुग्णाला भरपूर हवा देत होते. सीओटू कमी ठेवला की भूल कमी लागते, असा त्यांचा अनुभव होता. ‘लिव्हरपूल पद्धत’ जगभर पसरली. तेव्हा थिएटरमध्ये सीओटू मोजायचं सोयीचं साधनच नव्हतं. स्टो आणि सेव्हरिंगहाउस यांचा रक्तातला सीओटू मोजणारा इलेक्ट्रोड १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला, आणि श्वासागणिक आकडा दाखवणारा कॅप्नोग्राफ थिएटरमध्ये नेहमीचा व्हायला १९८० चं दशक उजाडलं. मोजताच येत नसेल तर कमी हवेपेक्षा जास्त हवा बरी, हे शहाणपणच होतं. माझी तक्रार त्या पिढीबद्दल नाही. मोजायचं साधन आल्यावरही अंदाजाच्या काळातली सवय तशीच चालू राहिली, ही तक्रार आहे.

कारण ‘थोडा कमी’ फुकट मिळत नाही. वाढदिवसाला एकामागून एक फुगे फुगवल्यावर डोकं गरगरतं ना? सीओटू उतरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. ढोबळमानाने दर १ मिलिमीटरमागे मेंदूचा रक्तपुरवठा ३ ते ४ टक्क्यांनी घटतो. ४० वरून २८ वर आलात, तर एक तृतीयांशाहून जास्त पुरवठा कमी झाला. शिवाय हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरून बसतं, पेशींना सहज सोडत नाही. म्हणजे मॉनिटरवर ९९ टक्के आणि मेंदूच्या दारात तुटवडा, असं होऊ शकतं. बोटाला लावलेल्या यंत्राला यातलं काहीच कळत नाही.

याची सगळ्यात कडक परीक्षा डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवर झाली. सूज आलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून त्यांचा सीओटू मुद्दाम २५ च्या आसपास ठेवत. १९९१ साली मुइझेलार आणि सहकाऱ्यांनी चाचणी प्रसिद्ध केली. त्यात पाच दिवस असं केलेल्यांपैकी मुळात बऱ्या स्थितीत असलेले रुग्ण तीन आणि सहा महिन्यांनी इतरांपेक्षा वाईट अवस्थेत होते. वर्षाने हा फरक ठळक राहिला नाही. आज लांबलचक, प्रतिबंधक म्हणून केलेला असा उपाय करू नका, अशीच शिफारस आहे. पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मेंदूच्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये थोड्या वेळासाठी सीओटू उतरवला, तर सर्जनला मेंदू कमी फुगलेला मिळतो, हे २००८ च्या एका चाचणीत दिसलंय. थोडा वेळ, कारणासाठी, मोजून: हे औषध झालं. बटण तसंच राहिलं म्हणून: ही बेपर्वाई.

मग सीओटू वाढवायचा का? तो प्रयोगही होऊन गेलाय. येलचे यांडेल हेंडरसन विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सांगत होते, की ऑपरेशननंतरच्या शॉकचं मूळ सीओटूच्या कमतरतेत आहे. शॉकचा हा सिद्धांत टिकला नाही, पण श्वास उत्तेजित करायला सीओटू हुंगवण्याची पद्धत रूढ झाली. ब्रिटनमध्ये भुलेच्या काही यंत्रांवर सीओटूचं सिलिंडर १९८० च्या दशकापर्यंत होतं. नळ चुकून पूर्ण उघडा राहून रुग्णाला तो भरमसाट गेल्याचे प्रकार घडले, तेव्हा कुठे ती सिलिंडरं हटली. सीओटू फार वाढला की रक्त आम्ल होतं, हृदयाचे ठोके बिघडतात, फुफ्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो. ‘घाण’ म्हणणं चुकलं, तसं ‘अमृत’ म्हणणंही चुकलं.

कॅप्नोग्राफने जीव वाचवलेत, यात वाद नाही. नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली, तर पडद्यावरची लाट सपाट होते आणि ते लगेच कळतं. ब्रिटनच्या २०११ सालच्या ‘नॅप-फोर’ पाहणीचा निष्कर्ष होता, की आयसीयूमधल्या श्वासमार्गाच्या दुर्घटनांत झालेल्या ७० टक्क्यांहून अधिक मृत्यूंना कॅप्नोग्राफ न वापरणं बहुधा कारणीभूत ठरलं.

पण हा आकडा उच्छ्वासाच्या शेवटच्या हवेतला आहे, धमनीतला नाही. निरोगी माणसात दोघांत २ ते ५ मिलिमीटरचा फरक असतो. फुफ्फुसं खराब असली किंवा हृदय नीट पंप करत नसलं की तो बराच वाढतो. गरोदर बाईचा सीओटू मुळातच ३० ते ३२ असतो, तिला ४० वर नेणं म्हणजे ‘नॉर्मल’ करणं नव्हे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात सीओटूच भरतात, तो रक्तात शिरतो आणि सकाळी लावलेली बटणं अर्ध्या तासात जुनी होतात.

आपण संशोधकांनीही इथे सावध राहावं. मोठ्या नोंदवह्या चाळून ‘कमी सीओटूवाल्यांचे निकाल वाईट’ असं सांगणारे अभ्यास निघतात. पण हृदयातून कमी रक्त बाहेर पडत असेल, तर उच्छ्वासातला सीओटू आपोआप उतरतो. आकडा कमी म्हणून रुग्ण बिघडला, की रुग्ण बिघडलेला होता म्हणून आकडा कमी? धमनीतल्या मोजणीशिवाय हे वेगळं काढता येत नाही. असे अभ्यास माझ्या बाजूचे असले, तरी त्यांच्यावर मी भिस्त ठेवणार नाही.

माझी मागणी छोटी आहे. भूल द्यायच्या आधी रक्तदाबाचं लक्ष्य ठरवतो, तसं सीओटूचंही या रुग्णापुरतं ठरवावं आणि कागदावर लिहावं. धोक्याची खालची सूचना वरच्याइतकीच गंभीरपणे लावावी. आजारी रुग्णात एकदा तरी धमनीतलं रक्त तपासून दोन आकड्यांमधलं अंतर पाहावं. आणि पुढच्या वेळी घरात कुणाचं मोठं ऑपरेशन ठरलं, तर भूलतज्ज्ञाला भेटाल तेव्हा हा प्रश्न विचारायला लाजू नका. उत्तरात नुसती ‘३५ ते ४५’ ही पट्टी आली, तर ‘आमच्या आईसाठी किती?’ असंही विचारा.