चार तासांचं भांडवल

तेत्सुको कुरोयानागींचं ‘तोत्तोचान’ (१९८१) वाचलं की आईबापांना मुलांचं वेळापत्रक फाडून टाकावंसं वाटतं. तोमोए शाळेचे वर्ग रेल्वेच्या डब्यांत. ज्याला जो विषय आवडेल, तो त्यानं आधी घ्यावा! आम्हा कारकुनांना मात्र नावे-जमा दोन्ही बाजू पाहायची खोड. नावे : आवडीचा गोडवा भरपूर, कंटाळ्याची नोंद त्रोटक. जमा : मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच भेटीत त्या चिमुरडीची बडबड चार तास ऐकतात. पुस्तकाचं खरं भांडवल हेच. मुलांना घरीच, त्यांच्या आवडीनं शिकवू म्हणणाऱ्यांनी आधी हे चार तास काढावेत. धाराशिवात आम्ही काढले. चिरंजीव उस्मानाबादी शेळीवर सुरू झाले. अर्ध्या तासात हिशेब त्यांनीच मांडला : प्रत्येकीला जुळी झाली, तर दहा शेळ्यांची करडं किती? साडेतीन तास अजून शिल्लक आहेत.